पहिल्या बेसवरची साक्ष

आमच्या हायस्कूलच्या स्मरणिकेचा मजकूर शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवण्यात आला. त्यातील एका परिच्छेदात, या किनाऱ्यावर बेसबॉलचा खेळ आणणाऱ्या गृहस्थांविषयी तीन विधाने केलेली आहेत. पहिले असे की, ते सांगत त्या अमेरिकेतल्या हकिगती बहुतांशी मनच्या होत्या. दुसरे असे की, आमच्या एका विद्यार्थिनीने गोलंदाजी करून जवळजवळ निर्दोष नेलेला सामना शेवटी तिच्याच वाकड्या फेकीने डागाळला आणि या गृहस्थांनी हट्टाने तो डाग आपल्या वहीत कायम ठेवला. तिसरे असे की, अखेरची दोन वर्षे त्यांना भ्रम झाला होता आणि ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असत. या परिच्छेदात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. तिन्ही विधाने मात्र चुकीची आहेत.

स्मरणिकेचा संपादक माझाच विद्यार्थी. आज तो देवबागला पर्यटकांच्या बोटी चालवतो. मी त्याला दूरध्वनी केला तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, सगळो गाव असाच सांगता."

"गाव त्या दिवशी खेळत होता काय?"

"गाव नाय, पण तुमी होतास मां?"

"होतो. पहिल्या बेसवर होतो. म्हणूनच म्हणतो, हे छापू नकोस."

"मगे खरा काय ता तुमी लिवन द्या. पण लवकर द्या हां, छापखानेवालो थांबूचो नाय."

तेव्हा लिहून देत आहे. एक व्यक्ती हयात नाही आणि एक हयात आहे. दोघांचाही लौकिक या परिच्छेदात अडकला आहे. गृहस्थांचे नाव मी मुद्दाम घालत नाही. गावात सारे त्यांना आबा म्हणत, तेवढे पुरे आहे.

आबा तरुणपणीच बोटीवर गेले आणि इंजिनखात्यात तेलवाला म्हणून त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढली. आमच्याकडची माणसे बोटीवरून परतताना टेपरेकॉर्डर, घोंगड्या आणि वासाचे साबण आणत. आबांच्या पेटीतून एक चामडी हातमोजा, दोन चेंडू, नियमांचे एक इंग्रजी पुस्तक आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या सात वह्या निघाल्या. पेटी उघडल्यावर त्यांच्या पत्नीने "ह्या शिजवचा कसा?" असे विचारले म्हणतात. आबांविषयी सांगितल्या जाणाऱ्या विनोदी गोष्टींपैकी निम्म्या खोट्या आहेत. ही मात्र खरी, कारण ती मला त्या माऊलीनेच सांगितली.

बोट अमेरिकेच्या किंवा जपानच्या बंदरात लागली की इतर मंडळी बाजारात जात आणि आबा मैदानात जात. मैदान दूर असेल तर रेडिओला कान लावून बसत आणि प्रत्येक चेंडूची नोंद त्या हिरव्या वह्यांत करत. खेळाचा मागचा इतिहास त्यांनी गोदीतल्या म्हाताऱ्या कामगारांकडून आणि जुन्या मासिकांतून मिळवला. या गोष्टी त्यांनी रचल्या असे म्हणणाऱ्यांनी शाळेत संगणक आल्यावर एक मे महिना माझ्यासारखा त्या खोलीत बसून काढायला हवा होता. मी आबांच्या तोंडून ऐकलेली एकूण एक हकिगत पडताळली. सगळ्या जुळल्या. एका सामन्याच्या सालाबाबत फरक निघाला, आणि ते साल सांगताना "ह्या माका नक्की म्हायत नाय" असे आबांनी स्वतःच बजावलेले होते.

त्यांच्या अंगणात चार माड होते आणि ते बेसबॉलमध्ये धावणाऱ्याने गाठायच्या चार बेससारखे जवळजवळ चौकोनात उभे होते. रोज सकाळी चहापूर्वी आबा चारही माडांना क्रमाने हात लावत. मधेच कोणी हाक मारली तर उत्तर येई, "वायच रव, तिसऱ्यार आसंय." मालवणच्या एस.टी. स्थानकावर सुटलेल्या गाडीमागे कोणी धावू लागला की आबा बाकावरून उठून निकाल देत. पाय पायरीवर पडला तर दोन्ही हात आडवे पसरून "सेफ", नाहीतर मूठ वर करून "आऊट". पुढे पुढे वाहकही त्यांच्याकडे बघून घंटा मारू लागले. एकदा आमचे मुख्याध्यापक धावत होते. आबांनी त्यांना आऊट दिले. मुख्याध्यापकांनी वाद घातला, वाहकाने आबांचा निकाल मान्य केला आणि गाडी निघून गेली.

खेळाचे मैदान म्हणजे सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी उघडी पडणारी घट्ट ओली वाळू. बेस म्हणजे वाळूने भरलेली गोणपाटे. बॅट उंडीच्या लाकडाची होती आणि ती होड्या बांधणाऱ्या सुताराने घडवली होती. चेंडू फाटला की आबा तो जाळी विणण्याच्या सुईने स्वतः शिवत. पहिला बेस समुद्राच्या बाजूला असे. भरती चढू लागली की तोच आधी भिजे, त्यामुळे सामना किती लांबवायचा हे समुद्र ठरवी. आबांनी सात इनिंगची मर्यादा घातली होती, म्हणजे दोन्ही बाजूंचे एकवीस-एकवीस गडी.

खेळायला रापणीवरची माणसे येत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते अर्धवर्तुळात टाकून येते आणि त्याचे दोन दोर दोन्हीकडून माणसे तासन्‌तास ओढत राहतात. जाळे किनाऱ्याला येताना ज्याचा हात दोराला लागलेला असेल त्याला माशांतला वाटा मिळतो, मग तो कोणीही असो. ही आमच्या किनाऱ्याची रीत. त्या ओढण्याच्या वेळात आबा दोराला धरून उभे राहत आणि गोष्ट सांगत.

खेळाडूंची नावे ते कधीच घेत नसत. "नाव सांगलंय तर तुमी नाव धरून बसतलास, खेळ बघूचे नाय," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे आमच्या रापणकरांना अमेरिकेतला एकही खेळाडू नावाने माहीत नव्हता आणि सगळे ओळखीचे होते.

"दोन बॉल तेच्या नाकाखालसून गेले," आबा सांगत. "समोरचे लोक खदाखदा हसतत, शिये घालतत. तेना असो हात वर केल्यान."

"खंय दाखयल्यान, आबा?"

"हात वर केल्यान."

"म्हंजे थंय मारतलंय, असाच मां?"

"ता तेका ठावक. कोण सांगता जागा दाखयल्यान, कोण सांगता हसणाऱ्यांका गप करूक हात केल्यान. मी थंय नव्हतंय. हात वर गेलो आणि फुडचो बॉल लोकांच्या डोक्यावरसून भायर. मधला लिवचा नाय."

"आबा, पण तुमका काय वाटता?"

"माका वाटलेला वहीत जाणा नाय."

दुसरी गोष्ट पहिल्या काळ्या खेळाडूची. त्याला गोऱ्यांच्या संघात घेतले ते एका अटीवर, की पहिली काही वर्षे कोणी काहीही बोलले तरी उलट बोलायचे नाही. ही गोष्ट चालू असताना दोरावरची माणसे ओढायची थांबत आणि रापणीचा म्होरक्या, तांडेल, ओरडे, "आबा, तेका लवकर घराक न्हेवा, जाळा थंयच रवला." तिसरी गोष्ट दोन हजारांहून अधिक सामने एकही न चुकवता खेळलेल्या माणसाची. अंगातली शक्ती जाते आहे हे कळल्यावर त्याने स्वतःहून आपल्याला संघातून वगळायला लावले आणि ती यादी स्वतः नेऊन पंचाच्या हाती दिली. एकदा एका रापणकराने विचारले, "मगे तेका पेन्शन गावली?" आबा म्हणाले, "तुका गोष्ट सांगण्यापरीस मी खेकड्याक सांगीन."

मी या किनाऱ्याचा नव्हे. माझे घर आत, डोंगराकडे, भाताच्या आणि काजूच्या गावात. नोकरीसाठी इथे आलो आणि राहिलो. मासे विकत घेऊन खाणारा मास्तर एवढीच माझी सुरुवातीची ओळख होती. ती मला लागे. म्हणून रापण भरल्याची हाक ऐकू आली की मी वर्गातून, पोस्टातून, असेन तिथून धावत जाऊन दोर धरत असे. वाट्याच्या माशांची मला गरज नव्हती. दोराला हात लागला की कोणी मला परका म्हणत नसे, म्हणून मी धावे. पुढे ती सवय माझ्या पायांना लागली. उंची बरी असल्यामुळे आबांनी मला पहिल्या बेसवर उभे केले होते. पहिल्या बेसवरच्या माणसाने चेंडू येण्याच्या वेळी जागेवर असणे, एवढेच त्याचे मुख्य काम. फटका मारून धावणाऱ्याच्या आधी चेंडू त्याच्या हाती आला की तो गडी बाद.

ती मुलगी दहावीत होती. तिची आई मासे विकत असे, आणि अंगणात सुकत घातलेल्या माशांची राखण हिच्याकडे होती. कावळे आणि घारी यांच्यावर खडे मारून मारून तिच्या हातात अशी नेमकी फेक आली होती की आबांनी तिला प्रथम पाहिले तेव्हा ते तिच्या अंगणाच्या कुंपणाशी तासभर उभे राहिले. आईने शेवटी विचारले, "आबानू, सुके व्हये काय?" आबा म्हणाले, "नको, तुजा चेडू व्हया." चेडू म्हणजे मुलगी.

घाटावरच्या एका शाळेचा संघ सहलीला आला होता. ती मुले सॉफ्टबॉल खेळणारी, शिकवलेली, एकसारख्या गणवेशातली. त्यांच्या प्रशिक्षकाने आमची गोणपाटे पाहून स्मित केले. संध्याकाळच्या सुकतीला सामना ठरला. त्याच वेळी शेजारच्या वाडीची रापण समुद्रात होती. आमच्या खेळणाऱ्यांपैकी बहुतेक रापणकर होते, म्हणून आबांनी सुरुवातीलाच सर्वांना गोणपाटावर हात ठेवायला लावून वदवून घेतले की, तिसरा गडी बाद होईपर्यंत कोणी जागा सोडणार नाही, जाळ्यात देव आला तरी. मीही हात ठेवला.

त्या संध्याकाळचे वर्णन स्मरणिकेत एका वाक्यात उरकले आहे. गोलंदाजी मुलीकडे होती. पहिली इनिंग, तीन गडी बाद. दुसरी, तीन. पाहुण्यांच्या एकाही मुलाला पहिला बेस गाठता येईना. चौथ्या इनिंगनंतर त्यांचा प्रशिक्षक बसल्या जागेवरून उठला आणि नंतर बसला नाही. असा सामना, ज्यात एकही गडी बेसवर पोहोचत नाही, अमेरिकेत हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या मोठ्या मालिकेत इतिहासात एकदाच झाला आहे. ती गोष्ट आम्ही दोरावर अनेकदा ऐकली होती, त्यामुळे काय चालले आहे ते प्रत्येकाला कळत होते. सहाव्या इनिंगनंतर आमच्यापैकी कोणी मुलीशी बोलेना. तीच म्हणाली, "काय झाला तुमका? कोण मेला काय?"

सातवी इनिंग. दोन बाद. विसाव्या गड्यानंतर आबांनी गळ्यातला रुमाल काढून डोळे पुसले. ते पंच म्हणून फलंदाजामागे उभे होते आणि सूर्य समुद्रावर इतका खाली आला होता की पहिल्या बेसकडे पाहणाऱ्याला नुसती पांढरी आग दिसत होती. एकविसावा मुलगा आला. त्याने चेंडू कसाबसा ढकलला. तो टप्पे खात सरळ मुलीकडे गेला. अगदी सोपा चेंडू.

त्याच क्षणाला डाव्या बाजूने तांडेलाची हाक आली, "धरा रे दोर."

आमच्या संघात सहा रापणकर होते. घरात त्या रात्री काय शिजणार हे ज्या दोरावर अवलंबून होते, तो दोर पन्नास पावलांवर होता. त्यांच्यातला एकही हलला नाही. हललो तो मी. मी ठरवून गेलो नाही, आणि हे मी सबब म्हणून सांगत नाही. हाक आली आणि पाय गेले. मी मागे वळलो तेव्हा चेंडू माझ्या रिकाम्या गोणपाटावरून, जिथे माझी छाती असायला हवी होती तिथून, सरळ जाऊन समुद्रात पडत होता आणि धावणारा मुलगा बेसवर उभा होता. दोराला माझा हात पोहोचलाच नव्हता. मी चार ढांगांत परत आलो.

पुढचा मुलगा बाद झाला. सामना आम्ही जिंकला.

आबा वही घेऊन माझ्याकडे आले. एखादी गोष्ट त्यांना स्वतःला दिसली नाही, तर ते त्या जागेवरच्या खेळाडूला विचारत आणि त्याचा शब्द लिहीत. हा त्यांचा नियम होता. त्यात दोन शक्यता होत्या. फेक सरळ असेल आणि बेसवरचा माणूस हजर नसेल, तर चूक त्या माणसाच्या नावावर पडते. फेक वाकडी असेल, तर चूक फेकणाऱ्याच्या नावावर.

"मास्तर, माका सूर्यान कायच दिसाक नाय. तुमी बेसार होतास?"

आबांशी मी नेहमी मालवणीत बोलत असे. त्या दिवशी मी शुद्ध मराठीत उत्तर दिले. "होतो."

"मगे?"

"फेक बाहेर गेली. माझ्या आवाक्यात नव्हती."

माझ्या मागे दोन रापणकर उभे होते. त्यांची मुले माझ्या वर्गात होती. मुलगी दहा पावलांवर हाताची वाळू झटकत होती. आबांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने वही मागून घेतली आणि शेवटची ओळ वाचून मान हलवली. तिला घाटावर निवडचाचणीसाठी न्यावे असे तो पाचव्या इनिंगला मुख्याध्यापकांपाशी बोलला होता. ते पत्र कधी आले नाही. केवळ त्या ओळीमुळेच आले नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. ओळ मात्र माझी होती.

म्हणून स्मरणिकेतले दुसरे विधान चूक आहे. तिची फेक वाकडी नव्हती, आणि आबांनी हट्ट केला नाही. त्यांनी एका शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत एक सामना झाला. तोपर्यंत आबा थकले होते. बोटीवर असलेला त्यांचा पुतण्या फोनवर खेळाच्या बातम्या सांगत असे. गोलंदाजाने तिथल्या नऊ इनिंगमधल्या सत्तावीस गड्यांपैकी सव्वीस ओळीने बाद केले. सत्ताविसावा पहिल्या बेसवर पोहोचण्याआधीच चेंडू तिथे पोहोचला होता, आणि पंचाने त्याला सेफ दिले. सामन्यानंतर पंचाने चित्रफीत पाहिली आणि सर्वांसमोर सांगितले की, चूक माझी आहे, त्या मुलाचा सामना मी घालवला. निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी तोच पंच मैदानात उभा होता. खेळाडूंची यादी त्याच्याकडे नेऊन देण्यासाठी संघाने त्याच गोलंदाजाला पाठवले. पंचाने डोळे पुसले आणि यादी घेतली.

ही गोष्ट आबांनी त्या हंगामात रापणीच्या दोरावर सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. त्यानंतर दोन हंगाम त्यांनी दुसरी कोणतीही गोष्ट सांगितली नाही. रापणकर कंटाळले.

"आबा, तो हात वर केलेलो सांगा मां."

"तो माका आता आठवणा नाय."

"काळो पोरगो तरी?"

"नाय. आयका. सव्वीस गडी झाले..."

माणसे एकमेकांना खुणा करू लागली. "म्हाताऱ्याचा डोक्या गेला," हे वाक्य मी तेव्हाच प्रथम ऐकले आणि तेच आज स्मरणिकेत छापायला निघाले आहे. मी त्या दोराला रोज असे. आबा गोष्ट सांगताना कोणाकडेही बघत नसत, दोराकडे बघत. "कबूल केल्यान," या शब्दापाशी ते थांबत आणि हातातला दोर सैल सोडत. मग एक क्षण साऱ्या जाळ्याचे वजन पुढच्या माणसाच्या हातावर येई. पुढचा माणूस बहुतेक वेळा मी असे. एकदाही मी मागे वळलो नाही. मी शिक्षक होतो, माझ्या शब्दाला गावात किंमत होती, आणि ती मला जपायची होती. आबांना खरे कोणी सांगितले ते मला ठाऊक नाही. सहा माणसे त्या दिवशी जागेवर होती, त्यांपैकी कोणीतरी बोललेच असेल. आबांनी मला विचारले असते तर मी पुन्हा तेच उत्तर दिले असते. त्यांनी मला पुन्हा खोटे बोलायला लावले नाही, एवढी त्यांची माझ्यावर माया होती.

ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने वह्या माझ्याकडे पाठवल्या. मी ते पान उघडायला महिना लावला. शेवटची नोंद अशी आहे: "फेक चुकली. बेसवरच्याने सांगितले." सातही वह्यांत, हजारो नोंदींत, कोणी सांगितले हे फक्त या एका ठिकाणी लिहिलेले आहे. खाली त्यांनी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. एरवी ते कागद इतका जपत की समासातही लिहीत.

परवा संपादकाचा मजकूर हातात आल्यावर मी वही घेऊन देवबागला गेलो. तेव्हाची ती मुलगी आता बाई झाली आहे. नवरा आणि ती मिळून पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतात. ती मागच्या पडवीत सुरमईचे तुकडे करत होती. मला पाहून तिने पाटावरून उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हटले.

"बसा, गुरुजी. च्या ठेवतंय."

"चहा नको. मला एक सांगायचे आहे."

"मालवणीत सांगा, मगे कळात," ती हसून म्हणाली.

मी सांगितले. उभ्यानेच सांगितले. ती सुरी चालवत राहिली.

"ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "बॉल सोडलंय तेवा तुमची पाठ दिसली मां माका. तोपर्यंत हातातसून गेलेलो."

"मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"आयेक सांगलंय. ती म्हणाली, गुरुजी खोटा बोलतले काय. मगे मीच इचार केलंय, माका सूर्य लागलो आसतलो." तिने तुकडे ताटात सारले. "आबा येवन बसत हयसर, शेवटी शेवटी. ती पंचाची गोष्ट सांगत. मी म्हणी, आबा, माका कित्याक सांगतास, ज्यांका सांगूची तेंका सांगा. तर म्हणत, तेंका रोज सांगतंय गो."

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि वही मागितली. ते पान तिने आजवर पाहिले नव्हते. तिने नोंद वाचली, खालच्या कोऱ्या ओळींवर बोट फिरवले आणि पाहुण्यांच्या नोंदवहीत खोचलेले पेन काढून माझ्यापुढे धरले.

"लिवा."

मी लिहिले: "फेक सरळ होती. बेसवर कोणी नव्हते. बेसवरचा मी." खाली सही केली. तिने ते वाचून पाहिले, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली, मग बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवली. वह्या माझ्याकडे आहेत असे आजवर मी अभिमानाने सांगत असे. सहा आहेत.

संपादकास विनंती अशी की, परिच्छेदातील दुसरे वाक्य काढून त्या जागी मी वहीत लिहिलेल्या ओळी छापाव्यात. पहिले वाक्य, मनच्या हकिगतींचे, आणि तिसरे, भ्रमाविषयीचे, संपूर्ण गाळावीत. आबांची बुद्धी अखेरपर्यंत स्वच्छ होती. त्यांना ऐकणारा एकच माणूस हवा होता, आणि तो दोन वर्षे त्यांच्यापुढे दोर धरून पाठमोरा उभा होता.